नंबरप्लेटवरची लाल पट्टी

रविवारी सकाळी पोलिसाने आमची गाडी थांबवली. इथे जपानात, एदोगावाच्या स्टेशनजवळच्या सिग्नलला. चूक माझी होती... आणि ते गाडीत फक्त मलाच माहीत होतं.

गाडी विभा चालवत होती, माझी मुलगी. ती सैन्यात कॅप्टन होती, तिथेच तिचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. ट्रेनच्या गर्दीत तिला उभं राहवत नाही, म्हणून ऑफिसला गाडीनेच जाते. जपानचं लायसन्स मिळवायला तिने किती खेपा घातल्या ते मी पाहिलंय.

झालं असं... मागच्या आठवड्यात वाचलं की अमेरिकेत काही ठिकाणी, लष्करात अपंगत्व आलेल्या बायकांना गाडीची खास नंबरप्लेट मिळते. शाळा माझी चौथीतच सुटली, पण हाताला लागेल ते वाचते. ते वाचलं आणि ह्यांची पट्टी आठवली.

विभा पाय गमावून घरी आली तेव्हा ह्यांनी तिच्या स्कूटरसाठी पत्र्याची छोटी लाल पट्टी करून घेतली होती. 'माजी सैनिक'. लोक ह्यांनाच विचारायचे, कुठल्या रेजिमेंटला होतात? हे म्हणायचे, "मी नाही, मुलगी."

हे जाऊन दोन वर्षं झाली. स्कूटर विकली, पट्टी माझ्या बॅगेत राहिली.

शनिवारी कुणाला न सांगता मी ती मागच्या नंबरप्लेटवर चिकटवली. आपल्याकडे लावतातच की... वरच्या ओळीतली जपानी अक्षरं मला वाचता येत नाहीत, नेमकी त्यांच्यावरच बसली.

पोलिसाने विभाला मागे नेलं, मीही उतरले. तिचं लायसन्स हातात धरून तो वायरलेसवर बोलतच राहिला. विभाने पट्टी पाहिली. "आई, तू लावलीस?" मी मान डोलावली.

त्यावर काय लिहिलंय, त्याने विचारलं. तिने सांगितलं. मग माझ्याकडे बघून त्याने आणखी काहीतरी विचारलं. या बाईंचे यजमान सैन्यात होते का, असं विचारत होता, हे तिने मला नंतर सांगितलं.

विभा पायाबद्दल इथे कुणाशी बोलत नाही. ऑफिसात विचारलं तर अपघात म्हणते. पण आता सरळ त्याच्याकडे पाहून म्हणाली...

"वाताशी देस."

एवढं जपानी मलाही कळतं. मी.

त्याने तिच्या पायाकडे पाहिलं नाही. खाली बसून नखाने हळूहळू पट्टी सोडवली, मागचा चिकटा रुमालाने पुसला. मग इथे व्हिजिटिंग कार्ड देतात तशी, दोन्ही हातांनी, वाकून ती तिच्या हातात दिली. लायसन्सही दिलं. पुन्हा नंबरप्लेट झाकू नका म्हणून बजावलं मात्र चांगलंच.

गाडीत बसताच विभाने पट्टी माझ्या मांडीवर टाकली. मला वाटलं, रागावली.

आज सकाळी ऑफिसला निघताना म्हणाली, "पट्टी दे. ऑफिसात टेबलावर ठेवते."

"कुणी विचारलं तर?" मी म्हटलं.

"विचारू दे."

हे होते तोवर ते उत्तर हे द्यायचे... आता तिचं ती देते.