मंद असणे हा दोष नव्हे

अर्धांगवायूच्या झटक्याने माझ्या पत्नीची वाचा गेली, त्याला अर्धे वर्ष होत आले होते. तिला समजत सर्व होते. शब्द तेवढे येत नव्हते. नंदुरबारला वाचोपचार करणाऱ्या बाईंनी टॅबलेट घेण्यास सांगितले. त्यावर चित्रांचा फलक असतो. चित्राला बोट लावले, की यंत्र तिच्या वतीने बोलणार. "पण लवकर करा, काका. त्यांनी सांगणंच सोडून दिलं, तर पुन्हा सुरू करणं फार अवघड जाईल." सोडून देण्यास तिने सुरुवात केलीच होती. आरंभी ती डाव्या हाताने खुणा करी. अलीकडे पहिली खूण मला उमगली नाही, की भिंतीकडे तोंड फिरवी.

माझ्यापुढे दोन यंत्रे होती. एक स्वस्त, दुसरे त्याच्या तिपटीहून महाग. पैसे होते, परंतु ते वकिलांसाठी राखून ठेवलेले. प्रकाशा गावच्या शेताच्या बांधावरून चुलतभावाशी चाललेला दावा मी खालच्या न्यायालयात हरलो होतो आणि अपिलाची मुदत संपत आली होती. महाग यंत्र घेणे म्हणजे अपील सोडणे. पत्नीला हे पुरते ठाऊक होते.

स्वस्त यंत्राच्या कंपनीस मी एकच प्रश्न लेखी विचारला: बोट लावल्यापासून आवाज येईपर्यंत किती विलंब लागतो? उत्तरात कॅमेऱ्याची थोरवी आणि मला शुभेच्छा होत्या. मी पोचपावतीसह दुसरे पत्र धाडले. त्यास उत्तरच आले नाही. अखेर पत्नीस रिक्षात बसवून मी थेट दुकान गाठले.

महाग यंत्र काउंटरवर पाहण्यासाठी मांडलेले होते. स्वस्त मात्र खोक्यात मोहोरबंद.

"उघडा," मी म्हणालो.

"सील तुटनं म्हनजे माल तुमना, आप्पा," दुकानदार म्हणाला. "परत लेवाव नही."

"सदोष माल परत न घेणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. ग्राहक संरक्षण कायदा वाचला आहे काय?"

"सदोष ना, आप्पा! पन हळू चालस म्हनजे खराब शे, असं कोठे लिखेल शे?"

असे कोठेही लिहिलेले नाही, हे मला त्याच्याहून अधिक चांगले माहीत होते. मंद यंत्र उद्या घरी गेले, तर कोणताही आयोग मला दाद देणार नव्हता. मी मुद्दा बदलला.

"सारंगखेड्याच्या बाजारात फेरी मारून पाहिल्याशिवाय कोणी घोडा घेतो काय?"

"घोडाले सील नसस, आप्पा."

दुकानातली गिऱ्हाइके हसली. मी हसलो नाही. खुर्चीत बसलेल्या पत्नीकडे पाहून दुकानदारही गंभीर झाला आणि खणातून एक वापरलेले यंत्र काढून म्हणाला, "हाई मन्ही मायनं शे. हाईच मॉडेल. यान्हावर देखा."

बाईंनी सांगितलेला फलक त्याने दोन्ही यंत्रांवर उतरवून दिला. स्वस्त यंत्र मी पत्नीपुढे धरले. तिने पाण्याच्या पेल्याला बोट लावले. काहीच नाही. तिने माझ्याकडे पाहिले. पुन्हा बोट लावले, जोराने. मग यंत्र एकाएकी लागोपाठ दोनदा "पाणी, पाणी" म्हणाले, आणि तिने पोळल्यासारखा हात पदराखाली ओढून घेतला. तोंड कपाटाकडे वळवले. घरी भिंतीकडे वळवी, तसेच.

मी महाग यंत्र तिच्या मांडीवर ठेवले. बराच वेळ तिने हात बाहेर काढलाच नाही. मग काढला. पेल्याला बोट टेकले न टेकले, तोच आवाज आला. तिने लगेच दुसऱ्या चित्रावर बोट ठेवले, मग तिसऱ्या. यंत्र कोठेही अडखळले नाही.

"हेच बांधा," मी म्हणालो.

"नाही," यंत्र म्हणाले.

तिचे बोट फुलीच्या चित्रावर होते आणि नजर माझ्या खिशाकडे.

"नाही. नाही."

"काकू नही म्हनी ऱ्हायनी, आप्पा," दुकानदार हळूच म्हणाला.

"तुले काय समजस कोर्टनं?" मी तिच्यावर ओरडलो. "गप ऱ्हाय!"

कित्येक महिने जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तिला मी गप राहण्यास सांगत होतो. चाळीस वर्षांच्या संसारात बांधावरून आमचे जे भांडण होई, त्यातला माझा वाटा सवयीने तोंडातून निघून गेला होता. ती रडेल, असे मला वाटले. तिने मान वर केली, माझ्यावर डोळे रोखले आणि बोट पुन्हा फुलीवर दाबले.

"नाही."

मी वकिलांसाठी राखलेले पैसे मोजून दिले. दुकानदार खोके बांधण्यासाठी तिच्यासमोरचे यंत्र उचलू लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. "ते राहू द्या तिच्याजवळ. आमचे बोलणे अजून संपलेले नाही."