सिस्टरबाईंचा चारचाकी पेशंट

सिस्टरबाई इस्पितळातून निवृत्त झाल्या तेव्हा दोन गोष्टी घेऊन घरी आल्या: एक स्टेथोस्कोप आणि दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची सवय. स्टेथोस्कोप निरोपाच्या दिवशी वॉर्डातल्या मुलींनी दिला होता. सवय मात्र एकतीस वर्षांची स्वतःची कमाई होती. त्यांचा विश्वास फक्त केसपेपरवर. पेशंट काहीही बोलतो, कागदावर जे असेल ते खरं, असं त्यांचं पक्कं मत. एकदा एका शिकाऊ डॉक्टरनं केसपेपरवर चहाचा कप ठेवला, तर त्यांनी त्याला दहा मिनिटं वॉर्डाबाहेर उभं केलं होतं. तो आता मोठा डॉक्टर झालाय, पण अजूनही चहा उभ्यानंच पितो म्हणतात.

नवऱ्याला त्या अहो म्हणत. आपणही त्यांना अहोच म्हणू. त्यांची हरकत नसेल, कारण हल्ली त्यांची कशालाच हरकत नसायची. तीच तर पंचाईत होती.

अहोंचा धंदा लोकांची घरं हलवायचा. कपाटं, पलंग, फ्रिज, कुंड्या, सगळं पिकअपमध्ये दोरानं आवळायचं आणि या घरातून त्या घरात नेऊन टाकायचं. गाडी पंचवीस वर्षांची, पेट्रोलची, इंजेक्टरवाली. चार महिन्यांपूर्वी एक दिवस मागच्या फळीवरून त्यांचा पाय सटकला आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चाला, चढा, उतरा. अहो घरातल्या घरात काठी टेकत चालायचे, पण दारापुढच्या तीन पायऱ्या काही उतरायचे नाहीत. दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून अंगणातल्या गाडीकडे बघत राहायचे. आणि एका रविवारी सकाळी त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला.

"शनिवारी अकराला येतोय तो," फोन ठेवून ते म्हणाले. "घेऊन जाईल."

असे पेशंट सिस्टरबाईंनी पाहिले होते. जखम बरी झालेली असते, रिपोर्ट चांगले असतात आणि माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. ही गाडी गेली की हा माणूस त्या खिडकीतून उठणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

"अहो, पण झालंय काय तिला?"

"बंद पडते. त्या दिवशी काय झालं माहितीय का, मी त्या चढावर..."

"झालं गेलं विसरा," सिस्टरबाईंनी सवयीनं तोडलं. "पाय जुळलाय ना? मग."

हा संवाद चार महिन्यांत वीसेक वेळा तरी झाला असेल आणि दर वेळी एवढाच झाला होता.

गॅरेजवाल्याला त्यांनी विचारून पाहिलं. तो म्हणाला, घरी यायला सवड नाही, पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन या. पुढच्या आठवड्यात गाडी कुठे असणार होती? सिस्टरबाईंनी पदर खोचला. गाडीच्या खणातून दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक काढलं, त्यावरचं तेल पुसलं आणि सोमवारी सकाळी सात वाजता, राउंडच्या वेळेला, पेशंट ताब्यात घेतला.

पहिलं काम म्हणजे केसपेपर. पुठ्ठ्याला चिमटा लावून तो त्यांनी वायपरला अडकवला. नाव: पिकअप. वय: पंचवीस. तक्रार: बंद पडणे. मग हातमोजे घातले आणि बॉनेट उघडलं. आतला गुंता बघून दुसरं कोणीही काढता पाय घेतला असता. सिस्टरबाईंनी माणसाच्या पोटातला गुंता पाहिलेला होता. त्यामानानं हे बरंच कोरडं होतं.

पुस्तकात लिहिलं होतं की इंजिन चालू असताना पेट्रोल फवारणारा प्रत्येक इंजेक्टर टकटक वाजतो. न वाजणारा इंजेक्टर बिघडलेला समजावा. आवाज ऐकायला लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावावा. स्क्रूड्रायव्हर! सिस्टरबाईंना लेखकाची कीव आली. त्या घरात गेल्या आणि स्टेथोस्कोप घेऊन आल्या. चारही इंजेक्टर त्यांनी एकेक मिनिट ऐकले, घड्याळ लावून. चारही छान वाजत होते. समोरच्या घरातली म्हातारी कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "सिस्टर, वाचेल का हो?"

"अजून काही सांगता येत नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. एकतीस वर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या.

प्लग काढले तर काजळीनं काळेकुट्ट. घासून लख्ख केले. हवेच्या गाळणीतून मूठभर धूळ निघाली आणि एक वाळलेलं फुलपाखरू. तेही केसपेपरवर नोंदवलं. संध्याकाळी सगळं आवरून बॅटरीची तार काढली, कारण काम करताना तार काढून ठेवावी असं पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात होतं. काम करताना काढायची तर काम नसताना आणखीच काढलेली बरी. शिवाय पेशंटलाही झोप नको का?

गाडी अर्धा तास झकास चालायची. इंजिन तापलं की पेट्रोलचा वास सुटायचा, मागून काळा धूर यायचा आणि हुंदका दिल्यासारखी बंद पडायची. सोमवारी पडली, मंगळवारी पडली. मंगळवारी दुपारी सिस्टरबाईंना पुस्तकात घबाड सापडलं. या गाडीत एक लहानसा कॉम्प्युटर असतो आणि बिघाड तो स्वतः सांगतो. एका डबीतल्या दोन भोकांत तारेचा तुकडा घालायचा, किल्ली अर्धी फिरवायची आणि समोरचा पिवळा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. आकडा आला की तक्त्यात बघायचं. दिवा न थांबता एकसारखा लुकलुकला, तर बिघाड नाही.

मोजायचं म्हटल्यावर सिस्टरबाईंना हुरूप आला. बुधवारी सकाळी सातला त्यांनी बॅटरीची तार जोडली, डबीत तार घातली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दिव्याची नाडी मोजली. एकसारखी. त्यांनी लिहिलं: पेशंटची काही तक्रार नाही. दुपारी पेशंट तापला, धूर ओकला आणि बंद पडला. संध्याकाळी तार काढली. गुरुवारी सकाळी पुन्हा मोजलं. काही तक्रार नाही. दुपारी पुन्हा बंद.

"ढोंगी आहे," सिस्टरबाई जेवताना म्हणाल्या. "राउंडला विचारलं की हसते आणि पाठ वळली की लोळते. असले पेशंट मला चांगले ठाऊक आहेत."

"मी सांगू का, त्या दिवशी पण ती..." अहोंनी सुरुवात केली.

"आमटी घ्या," सिस्टरबाई म्हणाल्या.

दोन दिवस उरले होते. नाक मुठीत धरून त्या केसपेपरसकट गॅरेजवाल्याकडे गेल्या. तो एका गाडीखाली आडवा होता. फक्त पाय दिसत होते. सिस्टरबाईंनी त्या पायांना चार दिवसांचा अहवाल वाचून दाखवला. फुलपाखरासकट.

"सिस्टर," पाय म्हणाले, "बॅटरीची तार रोज काढता?"

"रोज संध्याकाळी. न चुकता."

गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला. त्याला हसू आवरत नव्हतं, पण बाईंचं तोंड बघून त्यानं ते आवरलं. "अहो सिस्टर, तार काढली की तिच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं. दुपारी बिघाड झाला की ती बिचारी लिहून ठेवते. संध्याकाळी तुम्ही पुसून टाकता. आणि सकाळी तिलाच विचारता, काय होतंय म्हणून. ती काय सांगणार?"

सिस्टरबाईंच्या कोणी थोबाडीत मारली असती तरी त्या इतक्या लाल झाल्या नसत्या. केसपेपरवर कप ठेवला म्हणून ज्यांनी डॉक्टरला बाहेर उभं केलं, त्या बाई रोज संध्याकाळी पेशंटचा केसपेपर फाडत होत्या. त्या घरी चालत आल्या. म्हातारीनं हाक मारली, तीही त्यांनी ऐकली नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी गाडी तापवली, बंद पडू दिली आणि तारेला हात लावला नाही. शुक्रवारी सकाळी सातला दिवा दोनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा दोनदा लुकलुकला. बावीस. तक्त्यात बावीसपुढे लिहिलं होतं: इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर.

"थर्मामीटर!" सिस्टरबाई अंगणात एकट्याच ओरडल्या.

सगळं लख्ख समजलं. इंजिन तापलं तरी हा थर्मामीटर कॉम्प्युटरला सांगत होता की थंडीनं काकडलंय. मग तो आपला पेट्रोल ओततोय, ओततोय, घाम फुटलेल्या पोराला आई वर आणखी एक स्वेटर घालते तसा. म्हणून प्लग काळे, म्हणून धूर, म्हणून गुदमरणं. त्यांनी सेन्सरची जोडणी सोडवली. आतली पितळी टोकं हिरवी पडली होती. स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन त्यांनी ती घासली, पुसली, घट्ट बसवली. वॉर्डात याला ड्रेसिंग म्हणतात आणि ते करायला नवी मुलगी पाठवतात.

दुपारी जेवायला बसल्यावर त्यांनी जाहीर केलं, "झाली बरी. उद्या त्याला सांगा, येऊ नको."

अहोंनी ताटावरून मान वर केली नाही. "नको मला ती गाडी. त्या दिवशी मी..."

"झालं गेलं..." सिस्टरबाईंच्या तोंडून सवयीनं निघालं आणि त्या मध्येच थांबल्या. हातातला घास हातातच राहिला. रोज संध्याकाळी तार काढायची आणि रोज सकाळी विचारायचं, काय होतंय म्हणून. हे त्या अंगणात चार दिवस करत होत्या. घरात चार महिने.

त्यांनी घास ताटात ठेवला. "सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

अहोंना एवढं सांगायचं होतं, पण कोणी ऐकतंय म्हटल्यावर सुरुवात सापडेना. दोनदा खाकरले. मग म्हणाले, "पाय नंतर मोडला. आधी ती बंद पडली. दुपारची वेळ, इंजिन तापलेलं, मागे कपाट आणि दोन पलंग. चढावरच्या सिग्नलला उभा होतो, पुढे उतार. जरा पुढे घेतली आणि धूर सोडून मेली. इंजिन मेलं की ब्रेक दगडासारखा होतो. दाबतोय तर दबेना. पुढे एक बाई रस्ता ओलांडत होती, कडेवर मूल. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो. थांबली. एवढ्यावर." त्यांनी हातानं वीतभर अंतर दाखवलं. "त्या बाईला कळलंसुद्धा नाही. मी खाली उतरलो, दोर बघायला मागे चढलो, तर पाय लटपटत होते. म्हणून पडलो. पडलो याचं काही नाही. पण तो ब्रेक रोज पायाखाली येतो माझ्या."

सिस्टरबाईंना फार वाईट वाटलं आणि स्वतःची भयंकर लाजही वाटली. पेशंट आला की आधी त्याला विचारायचं, केव्हापासून, कसं, कशानं. हे त्यांनी दोनशे मुलींना शिकवलं होतं. घरात मात्र ना गाडीला विचारलं ना माणसाला. विचारलं असतं तर तापल्यावर बंद पडते हे रविवारीच कळलं असतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या घरात नवीनच होतं. अहो दचकले.

मग अहोंनीच विचारलं, "पुन्हा नाही ना बंद पडणार?"

"तशी हमी मी आजवर कुणाला दिलेली नाही. तापवून बघायचं. पण मला मागे धूर बघायला थांबावं लागेल. ॲक्सिलरेटर कोणीतरी दाबायला हवा."

अहोंनी तीन पायऱ्यांकडे पाहिलं. मग काठी घेतली आणि उतरले. पहिल्या पायरीला बराच वेळ लागला, दुसरीला कमी. सिस्टरबाईंनी हात पुढे केला नाही. मग पाऊण तास एक जण मोडून जुळलेल्या पायानं ॲक्सिलरेटर दाबत होता आणि एक जण धुराच्या नळीशी वाकून बघत होती. धूर आला नाही. गाडी बंद पडली नाही. सिस्टरबाईंनी केसपेपरवर लिहिलं: पायऱ्या उतरला. समोरच्या म्हातारीनं तो नंतर वाचला आणि गाडी पायऱ्या कशी उतरली, हे कोडं तिला अजून पडलेलं आहे.

शनिवारी अकराला भंगारवाला ओढायचा दोर घेऊन आला. गाडी चालू होती आणि अहो आत बसले होते.

"काका, ही तर चालतेय की," तो म्हणाला.

"हो. जरा बाजूला व्हा, बाहेर काढायचीय."

सिस्टरबाई शेजारी बसल्या. कुठे जायचं हे त्यांनी विचारलं नाही आणि अहोंनी सांगितलं नाही. बराच वेळ गावभर फिरून, इंजिन चांगलं तापल्यावर, त्यांनी गाडी चढाला घातली. वरच्या सिग्नलला लाल दिवा लागला. गाडी थांबली. समोरून माणसं सावकाश रस्ता ओलांडू लागली. इंजिन बारीक आवाजात चालू होतं.

सिस्टरबाईंचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर जीव खाऊन दाबलेला होता. अहोंनी तिकडे पाहिलं.

"ब्रेक माझ्याकडे आहे," ते म्हणाले.

"माहितीय मला." पाय त्यांनी हलवला नाही.

अहोंनी काचेतून पुढे बोट दाखवलं. "त्या दिवशी ना, ती बाई बरोबर तिथे..."

कालपासून हे ते चौथ्यांदा सांगत होते.

"सांगा," सिस्टरबाई म्हणाल्या.