चिठ्ठीवर चिठ्ठी

इन्सुलिनचं पार्सल आलं, ते हातात घेतलं आणि किळस आली. खोक्यावर चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली, कडा काळ्या, डिंक चिकट. नखाने एकेक सोलत गेले तेव्हा सगळ्यात खाली सापडलं, ‘थंड जागी ठेवा’. तोवर औषध उन्हात तापून वाया गेलं होतं. संध्याकाळी सुई कशाची टोचायची?

माझी नात मीनल कॉम्प्युटरच्या जाळ्याचं काम करते. ती म्हणाली, “आजी, आमच्याकडेही हेच. इंटरनेटवरून मजकूर पाकिटांतून जातो. यंत्रातला प्रत्येक भाग त्या पाकिटावर आपली चिठ्ठी लावतो, पण लावायला जागा एकच. एकाने दुसऱ्याची झाकली, की पाकीट भलतीकडे. आठवडाभर तेच निस्तरतेय.”

म्हणजे माणसांची घाण यंत्रातही गेली. आधीचा काय सांगून गेला, याची कुणाला पडलेली नसते. आपली चिठ्ठी लागली, की आपलं काम संपलं. दवाखान्यातही मला असंच या दारातून त्या दारात ढकलतात आणि प्रत्येक जण पहिल्यापासून विचारतो, “आजी, काय होतंय?”

मीनलने कोपऱ्यावरच्या दुकानातून आजच्यापुरतं औषध आणलं. मग पार्सल परत पाठवायची चिठ्ठी छापली आणि खोक्यावर नीट दाबून बसवली. बरोबर ‘थंड जागी ठेवा’वर.

“मीनल, तुझा हात कुठे आहे बघ,” मी म्हटलं.

तिने बघितलं. चिठ्ठी काढायला गेली, तर खालचीही तिच्याबरोबर फाटून आली.