आईचा हात आणि शनिवारचे चणे

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला. बोलणं परत आलं, काठी घेऊन का होईना पाय चालू लागले, हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. तिला एकच गोष्ट हवी होती, आपल्या हाताने जेवायचं. डाव्या हाताने खाणं तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं आणि चमचा पुढे केला की ती नाक मुरडायची. मग मीच भरवायचे. कोकणातल्या घरात आयुष्यभर दहा माणसांना वाढलेली बाई घास घेताना इतकी कसनुशी व्हायची की मला पुढचा घास करवत नसे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने तिला एक रबरी चेंडू दिला होता. तो दाबायचा आणि सोडायचा. आईने तो सोफ्याखाली घरंगळू दिला आणि वर मलाच विचारलं, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" हट्टीपणात आमच्या घरात तिचा हात कोणी धरणार नाही. मी चेंडू उचलून कपाटात टाकला.

ठाण्यात आमची इमारत येऊरच्या डोंगराला अगदी चिकटून आहे, त्यामुळे माकडं येणं नवीन नाही. मी घरूनच काम करायचे. दुपारी आईची खुर्ची गॅलरीच्या काचेच्या दारापाशी ठेवली की माझी दोन तासांची सुटका व्हायची. त्या वेळेला एक माकडीण यायची, कान जरासा फाटलेली. आधी जास्वंदीच्या कळ्या खायची, मग कुंडीतली माती उकरून त्यातलं काहीबाही वेचून तोंडात टाकायची. पोटोबा झाला की कुंडीत मी शोभेला ठेवलेले पांढरे गोटे काढायची. दोन हातांत दोन घेऊन एकमेकांवर चोळायची, फरशीवर आपटायची, सगळे पोटाशी गोळा करायची आणि पुन्हा पसरून बसायची. कधी एकच गोटा बोटांत फिरवत राहायची, आपण शेंग सोलावी तसा.

"त्यात खायला काही नाहीये गं," आई मला म्हणाली. "नुसती खेळतेय. एवढी थोराड बाई."

लहानपणी गावी नारळ-फणस राखायला आईने माकडांमागे गोफण घेऊन धावाधाव केलेली. इतकी वर्षं ती त्यांना नुसत्या शिव्या घालायची. पण या माकडिणीची ती वाट बघू लागली. मग एकदा माझं लक्ष गेलं, तर आईच्या उजव्या हाताची बोटं पदराची कड चोळत होती. चार दिवसांनी तीच म्हणाली, "मला पण दे ना त्यातले दोन." मी कुंडीतले दोन गोटे धुऊन तिच्या हातात दिले. बाहेर ती चोळायची, आत ही. पुढे आईने ताटलीतले चुरमुरे बोटांनी उचलले. एका दुपारी वरणभाताचा घास ओठांपर्यंत नेला, सांडला, पण अर्धा तोंडात गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तेवढ्यात कल्याणहून आत्या आली, माझ्या वडिलांची बहीण. शनिवार होता. माकडीण दिसताच तिने हात जोडले.

"वहिनी, साक्षात मारुतिराया दारात येतोय आणि तुम्ही त्याला उपाशी पाठवता?"

"वन्सं, आमच्या गावी आम्ही ह्यांना गोफणीने हाकलायचो," आई हसत म्हणाली.

"मग त्याच हाताला झालं ना तुमच्या? शनिवारी चणे-गूळ घालत जा. हात सुटतो की नाही बघा."

आत्याने हे आईच्या बऱ्यासाठीच म्हटलं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण आईचं हसू तिथेच थांबलं. त्याच संध्याकाळी आत्याने नाक्यावरून चणे-गूळ आणला आणि कठड्यावर मांडला. हात सुटायची घाई मलाही होतीच, मीही हात जोडले.

आधी शनिवारी चणे, मग आईच्या हट्टापायी रोज. माकडीण यायची, दोन्ही गालांत चणे कोंबायची आणि निघून जायची. बसायचं कशाला? गोट्यांकडे ती ढुंकूनही बघेना. मागोमाग सगळी टोळी येऊ लागली, एक दांडगा नर तिला कठड्यावरून ढकलून द्यायचा. एका दुपारी चणे संपले होते. आईने मला दार उघडून कठड्यावर गोटेच ठेवायला सांगितले. माकडीण आली, तिने ते हुंगले, एका फटक्यात खाली उडवले आणि उघड्या दारातून आईवर दात विचकले. आई खुर्चीतच आक्रसली.

शेजाऱ्यांच्या तक्रारी आधीच आल्या होत्या. आठवड्याभरात आमच्या ओळीतल्या सगळ्या गॅलऱ्यांना जाळी लागली. मी गोटे पुन्हा आईच्या हातात दिले, तर तिने ते ओघळू दिले. व्यायामवाल्या मुलीने विनवण्या केल्या, मी चिडले, रागावले, हातापाया पडले. आई म्हणाली, "मारुतिरायाने मला माफ केलं नाही. आता कशाला?"

माकडीण नुसती खेळत होती तेव्हा तिला खेळू द्यायला हवं होतं, याची हळहळ माझ्या मनातून जात नाही. आईला मी अजून समजावते. अगं, ते माकड होतं, त्याला चण्यांची चटक लागली, त्यात तुझं पाप कुठून आलं? आई सगळं ऐकून घेते, मान डोलावते आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडते.