सातव्या सेलचं पाणी

भिवाजी लाइनमनचा दिवस बॅटऱ्यांच्या खोलीत उजाडायचा. पिंपळखेड्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काचेचे बारा सेल होते. आईनं लेकराचा ताप बघावा तसा तो एकेकाला तळहाताची मागची बाजू लावायचा. मग पिचकारीत तेजाब ओढून आतल्या तरंगत्या नळीवरचा आकडा वाचायचा नि रजिस्टरात लिहायचा. त्यानंतर कॉल जोडायच्या बोर्डाचे फ्यूज, दोऱ्या, झडपा.

"आले डाक्टर सुई टोचायले," बोर्डावरची लिलाबाई म्हणायची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात हिवतापानं त्याला चार दिवस झोपवलं. पाचव्या दिवशी सातवा सेल हाताला गरम लागला.

"लिलाबाई, याले काय झालं?"

"पाणी उतरलं होतं, दादा. बॅटरीच्या पाण्याची कॅन रिकामी. मंग वहिरीचं टाकलं, दुहेरी फडक्यानं गाळून. तापल्याले पाणी तं पाजाच लागते ना?"

"आपलं पाणी खारं हाय, बाई. त्यानं सेल मेला."

लिलाबाईचा चेहरा उतरला. तिची नोकरी हंगामी. सोमवारी तपासणीला साहेब येणार होते आणि त्यांच्या शेऱ्यावर ती पक्की व्हायची होती.

"फुटला म्हनून लिहा न, दादा."

भिवाजीनं पाना उचलला. सातवा सोडून सहाव्याला आठवा जोडला. अकरा सेलांवर बोर्ड चालू राहिला. रजिस्टरात मात्र अकरा वर्षांत त्यानं खोटा आकडा लिहिला नव्हता. बऱ्याच वेळानं त्यानं लिहिलं, 'सातवा सेल विहिरीच्या पाण्याने गेला. कॅन संपत आल्याचे मी कळवले नव्हते. कोणते पाणी टाकावे हे ऑपरेटरला शिकवले नव्हते.' सगळं खरंच होतं.

रविवारी त्यानं तिच्या हातात पिचकारी दिली.

सोमवारी साहेबांनी नोंद वाचून चष्म्यावरून पाहिलं. "पाणी कोणी टाकलं?"

"ज्याले माहीत नवतं त्यानं," भिवाजी म्हणाला.

"मी टाकलं, साहेब," लिलाबाई बोर्डावरून उठली.

साहेबांनी तिला सेलांपाशी नेलं. "तिसऱ्याचा आकडा सांगा."

तिनं पिचकारी डोळ्यांसमोर सरळ धरली. नळी स्थिर होईपर्यंत थांबली. "बाराशे दहा."

साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं आणि शेरा लिहिला, 'ऑपरेटरला काम येते.' भिवाजीला लेखी ताकीद मिळाली.

साहेब गेल्यावर लिलाबाईला त्याच्याकडे बघवेना. "माह्यामुळं भेटली तुमाले."

भिवाजीनं कागदाची जपून घडी घातली. "अकरा वर्सांत साहेबाचं पयलंच पत्र आलं माह्या नावानं. घरी बायकोले वाचून दाखवतो."