हिला सगळं चालतं

“बेन, नाव काढून टाकू,” निर्माते रमणिकभाई म्हणाले. “पिक्चर तुमचंच ऱ्हाणार. फक्त नाव नाय.”

आम्ही दादऱ्याच्या बागेत तळ्याकाठी उभे होतो. हिरोइन छत्रीखाली शहाळं पीत होती. कॅमेरा लागलेला होता, गाण्याची टेप तयार होती, आणि गेटासमोर सिल्वासाचं आमचं मराठी मंडळ सतरंजी अंथरून बसलं होतं. सतरंजी, पाण्याचा माठ, वर दोन पेले, सगळं घरून आणलेलं. मधोमध मंडळाचे अध्यक्ष पेडणेकर सर. सर सरकारी शाळेत हेडमास्तर, मूळचे कोकणातले. ते रीतसर रजा टाकून आले होते. सरकारी नोकर असल्यामुळे याला धरणं म्हणायचं नाही, अशी त्यांची सक्त सूचना होती. ही फक्त बैठक होती. ती गेटाच्या बरोबर मध्ये होती एवढंच.

भांडण माझ्याशी होतं, म्हणजे माझ्या कादंबरीशी.

ऐंशीच्या दशकात माझा नवरा विलास इथल्या एका यार्न फॅक्टरीत मेंटेनन्स मॅनेजर म्हणून आला आणि मी त्याच्यामागून आले. तो दिवसभर मशिनांत, मी दिवसभर कॉलनीत. मी लिहायला लागले. दुसऱ्याच कादंबरीनं माझं नाव झालं, आणि बदनामही झालं. गोष्ट साधी होती. एका मॅनेजरची बायको नवऱ्याला सोडून जाते. नवरा पीत नाही, मारत नाही, बाहेर भानगड नाही. तरी जाते. नेमकं तेच लोकांना झोंबलं. त्याला दारुडा केला असता तर मला एखादा पुरस्कार मिळाला असता. एका वाचनालयानं पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवलं आणि मागेल त्यालाच द्यायचं ठरवलं. त्यानंतर ते कपाटात कधी राहिलंच नाही.

सिल्वासात त्याचा खरा त्रास विलासला झाला. कादंबरीतला नवरा म्हणजे विलासच, हे कॉलनीनं ठरवून टाकलं. शेजारणी त्याला डबे आणून द्यायला लागल्या. फॅक्टरीत लोक खांद्यावर हात ठेवून विचारायचे, “घरी सगळं ठीक ना?” विलास मान खाली घालून “चाललंय” म्हणायचा आणि डबा उघडायचा. त्या वर्षी त्याच्या पँटी ढिल्या करून घ्याव्या लागल्या.

मग सिनेमा आला. रमणिकभाईंची वापीला पुठ्ठ्याचे खोके बनवायची फॅक्टरी होती. सिनेमात त्यांचा हा पहिलाच हात. कादंबरीचे हक्क घेतले, पटकथा-संवादही मलाच लिहायला सांगितले, आणि पहिल्याच बैठकीत शेवट बदलायला लावला. कादंबरीत बाई खानवेलहून बसमध्ये बसते आणि जाते. सिनेमात ती बसमध्ये बसते, तिला देवघरातली समई आठवते, ती उतरते आणि परत येते. “फॅमिली पब्लिक आहे, बेन,” रमणिकभाई म्हणाले होते. मी आठवडाभर घरात आदळआपट केली आणि लिहून दिलं. पहिला सिनेमा होता. पडद्यावर माझं नाव यावं एवढी एकच हाव धरली होती. शेवट देऊन बसले होते, आणि आता हे गृहस्थ नावही मागत होते.

“नाव निघणार नाही,” मी म्हटलं.

“बेन, हिरोइनच्या डेट्स बुधवारपर्यंत. पछी ती मद्रासला. तुमचे लोक उठत नाय.”

मी गेटाशी गेले. पेडणेकर सर एरवी मला वहिनी म्हणायचे. त्या दिवशी मॅडम म्हणाले.

“मॅडम, आमचा विरोध व्यक्तीला नाही. प्रवृत्तीला आहे. असली बाई या गावात झालेली नाही. तुमचं नाव आलं म्हणजे ती कथा आली.”

“सिनेमाची कथा वेगळी आहे, सर.”

“मग स्क्रिप्ट वाचायला द्या.”

मी रमणिकभाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. स्क्रिप्ट नव्हतीच. वाचकांना नवल वाटेल, पण तेव्हा बहुतेक सिनेमांत पूर्ण टाइप केलेली, बांधलेली स्क्रिप्ट कोणी बघितलेली नसायची. सकाळी मेकअप चालू असताना मी सीन लिहायचे, दुपारी तो शूट व्हायचा, संध्याकाळी त्या कागदावर कुणीतरी भजी खायचं. सिनेमाच्या धंद्यात वाचत कोणी नाही. ऐकतात. त्याला नरेशन म्हणतात. लेखक समोर बसून अख्खी गोष्ट सांगतो. सगळ्यांचे आवाज काढतो, दार वाजलं तर टेबल वाजवतो, मध्ये इंटरव्हलसुद्धा घेतो. लेखणी कशीही असो, तोंड चांगलं लागतं.

“स्क्रिप्ट देत नाही,” मी म्हटलं. “नरेशन देते. उद्या रविवार. तुमच्या शाळेच्या हॉलमध्ये, चार वाजता. मंडळाला पटलं नाही तर माझं नाव काढा.”

रमणिकभाईंचा चेहरा उजळला. काही झालं तरी बुधवारपर्यंत काम होणार होतं.

“एकच अट,” मी सरांना म्हटलं. “ऐकायला सगळ्यांनी जोडीनं यायचं. संस्काराचा प्रश्न आहे. त्यात बायकांना कसं वगळणार?”

सरांना हे फार पटलं.

रविवारी हॉल भरला. निम्म्या बायका हिरोइन येईल म्हणून आल्या होत्या. ती आली नाही, पण मी होते. पहिल्या रांगेत पेडणेकर सर आणि शेजारी त्यांच्या पत्नी सुमतीताई. मऊ आवाजाच्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या. मंडळात इतकी वर्षं होतो, पण त्यांचं एखादं पूर्ण वाक्य ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. मागच्या बाकावर रमणिकभाई आणि विलास. विलासकडे बघून दोघीतिघी हळहळल्या.

मी सांगायला लागले. सिनेमाची कथा, शब्द न बदलता. बदललं काहीच नाही, फक्त कुठं थांबायचं ते मी ठरवत होते.

कादंबरीत एक प्रसंग आहे आणि तो सिनेमातही राहिला होता. कंपनीच्या पार्टीत साहेबांच्या पत्नी नायिकेला विचारतात, तुम्हाला काय आवडेल? ती तोंड उघडते तेवढ्यात नवरा म्हणतो, “हिला सगळं चालतं.” मग पडदे घेताना दुकानदार विचारतो, कुठला रंग? नवरा, “हिला सगळं चालतं.” डॉक्टर विचारतात, गोळी की इंजेक्शन? “हिला सगळं चालतं.”

हे वाक्य विलासचं नव्हे. विलासला घरात काही ठरवायची सवयच नाही. ते मी मंडळाच्या सहलीत खानवेलच्या बसमध्ये उचललं होतं. कुणीतरी सुमतीताईंना विचारलं होतं, खिडकीपाशी बसता का? पुढच्या सीटवरून सरांनी मागे न बघताच उत्तर दिलं होतं. आमच्या कामात लोकांची वाक्यं अशी उचलावी लागतात. ज्याचं असतं त्याला ते कधी ओळखू येत नाही.

तिसऱ्यांदा ते वाक्य आलं आणि मी इंटरव्हल जाहीर केला.

चहा आला. चहा वाटणारा एकेकाला विचारत होता, साखरेचा की बिनसाखरेचा? पहिल्या रांगेत सुमतीताईंपाशी येऊन त्यानं विचारलं, “मॅडम, तुम्हाला?”

“अरे, दे कुठलाही,” पेडणेकर सर म्हणाले. “हिला सगळं चालतं.”

हॉलमध्ये एक बाई खुदकन हसली. मग मागून दुसरी. मग बायकांच्या सगळ्या रांगा. पुरुष चहाकडे बघत राहिले. सर वळून बघायला लागले, काय विनोद झाला म्हणून. सुमतीताईंनी हातात आलेला कप खाली ठेवला आणि चहावाल्याला म्हणाल्या, “मला चहाच नको.”

इंटरव्हलनंतर मी सरळ शेवटाकडे गेले. बस, खिडकी, समई. ती उतरते. घराचं दार वाजवते. मी टेबल वाजवलं. नवरा दार उघडतो. “समाप्त,” मी म्हटलं.

सर उठले. “उत्तम. घर राखलं. मंडळाची काही हरकत नाही.”

“ती परत का आली?”

आवाज मऊच होता. सुमतीताई उभ्या राहिल्या नव्हत्या. बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं होतं.

“अगं, तिचं घर आहे ते,” सर म्हणाले.

“मला ठाऊक आहे घर आहे ते. मी ह्यांना विचारतेय. तिकीट काढलं होतं ना तिनं? मग उतरली कशाला?”

“समई आठवली,” मी गरीब चेहऱ्यानं म्हटलं.

“समई नवरा लावेल,” मागून खानदेशच्या एक शिक्षिका म्हणाल्या. “जाऊ द्या ना तिला बाई एकदाची.”

मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कुणी म्हणालं जाऊन शिकवण्या घेईल, कुणी म्हणालं पापडाचा धंदा काढेल. एकीला ती परत आली तरी चालणार होती, पण नवऱ्यानं आधी स्वतः भाकरी थापायला शिकावं, अशी तिची अट होती. सर “शांतता” म्हणाले. वर्गात चालतं तसं ते इथं चाललं नाही.

मी रमणिकभाईंकडे बघत होते. माणूस सिनेमात नवा होता, पण धंद्यात जुना. गिऱ्हाईक काय मागतंय ते त्यांना कळायचं.

ते मागून पुढे आले आणि माझ्या कानाशी वाकले. “बेन, आ तर आपली फॅमिली पब्लिक. बाईला जाऊ देऊ. बस पण मोठी घेऊ.”

“आणि नाव?”

“नाव ऱ्हाणार ने. शेवट बदलला तर शिव्या कोणाला देणार लोक? मला?”

बुधवारी खानवेलच्या रस्त्यावर बसचा सीन झाला. गर्दी आवरायला मंडळाचेच कार्यकर्ते होते, आणि सतरंजी यावेळी हिरोइनला बसायला.

सिनेमा वापीच्या थिएटरात लागला तेव्हा अख्खं मंडळ गेलं. टायटल सुरू झाली. माझं नाव येणार म्हणून मी विलासचा हात घट्ट धरला. त्याआधी पाटी आली, ‘विशेष आभार : मराठी मंडळ, सिल्वासा’. माझ्या नावाच्या दुप्पट अक्षरांत. मंडळानं टाळ्या वाजवल्या, पुढच्यांनी उभं राहून वाजवल्या. त्या उभ्या पाठींमागे माझं नाव आलं आणि गेलं. विलास म्हणाला, त्यानं बघितलं. मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

मंडळाच्या वार्षिक सभेत सरांनी सांगितलं, शेवट मंडळाच्या सूचनेवरून बदलण्यात आला. ते खोटं नव्हतं. लिहिणाऱ्या तरुण मंडळींना माझा सल्ला एवढाच, विरोधकाला गोष्ट सांगा, आणि सांगताना त्याच्या बायकोला पुढच्या रांगेत बसवा.

वापीला त्या दिवशी सिनेमा सुटल्यावर आम्ही बाहेर आलो. गर्दीत पेडणेकर सर टाचा उंचावून इकडेतिकडे बघत होते. चेहरा उतरला होता.

“वहिनी,” ते म्हणाले. “ही कुठं दिसली का हो? आत्ता इथं होती.”

सुमतीताई रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाडीवर उभ्या होत्या. रसवाला त्यांना काहीतरी विचारत होता आणि त्या बोट दाखवून सांगत होत्या, लिंबू जास्त, बर्फ नको. मला तिथून स्वच्छ दिसत होतं.

“नाही बाई,” मी म्हटलं. “बसस्टँडकडे गेल्या असतील.”

सर खरोखरच धावत सुटले.