सावधानात श्वास

बांगलादेशची लढाई संपून वर्ष झालं होतं. मी हवालदार, पीटी इन्स्ट्रक्टर. जवानांना पळवणं माझं काम, आणि पोस्टिंग आली लष्करी इस्पितळाच्या छातीच्या वॉर्डात. तिथली माणसं संडासापर्यंत गेली तरी धापा टाकायची. मी वैतागलो होतो.

रोज तेच. नाकानं श्वास घ्यायचा, बशीतला चहा फुंकतात तसा ओठ आवळून हळू सोडायचा. मग व्हरांड्यात चालायचं. बरं कोणी होत नव्हतं. जरा जास्त चालत होतं, इतकंच.

त्यात नाईक धोंडिबा होता, चाकणजवळच्या निघोज्याचा. बरीच वर्षं त्यानं उंचावरच्या चौक्यांवर काढली होती. फुफ्फुसं खराब झाली होती. फुफ्फुसांतल्या रक्ताचा दाब वाढून हृदयही थकलं होतं. आता त्याला पेन्शनवर घरी जायचं होतं. गावच्या शाळेनं सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवायला बोलावलं होतं. राष्ट्रगीत संपेपर्यंत आपल्या पायांवर उभं राहायचं, एवढंच त्याला हवं होतं.

आम्ही सराव घेतला.

"सावधान!"

छाती पुढे, ओठ घट्ट, श्वास बंद. रिक्रूट असल्यापासूनची सवय. गीत अर्ध्यावर आलं आणि त्याचे ओठ निळे पडले, गुडघे वाकले. मी त्याला धरलं.

"ऑक्सिजन! जल्दी!"

तो सावरल्यावर मी म्हणालो, "श्वास का रोखलास? ओठ आवळून सोडायचा ना."

"सावधानात तोंड हलवू? न्हाई उस्ताद. शाळंची पोरं बघतील की."

"मग गा. गाताना श्वास आपोआप सुटतो."

"आमी कवा गायलोय?"

"ऑर्डर आहे."

"व्हय, उस्ताद."

सव्वीस जानेवारीला वॉर्डाचे डॉक्टर मेजरसाहेब यांनी मला त्याच्यासोबत गावाला पाठवलं. धोंडिबानं दोरी ओढली, सावधान झाला आणि गायला लागला. अगदी बेसूर. पोरं फिदीफिदी हसली, मास्तरांनी डोळे वटारले. शेवटच्या 'जय हे'ला नुसती फुंकर निघाली. पण गडी उभा होता.

मग खुर्चीत बसला. "झालं, उस्ताद."

त्याच उन्हाळ्यात तो गेला. मला उशिरा कळलं.

रिटायर झाल्यावर मी पिंपरीत एका कंपनीच्या गेटवर लागलो. झेंडावंदनाला मी गातो. नव्या सुपरवायझरनं एकदा टोकलं, "हवालदारसाहेब, सावधानात तोंड बंद असतं ना?"

"असतं," मी म्हणालो.

पुढच्या वर्षीही मी गायलो. 'जय हे'ला धोंडिबाची फार आठवण येते, आणि माझाही आवाज तिथंच जातो.